हावरा नमुना

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाच्या! कपाट जिन्यात अडकलं, धाकटीने वरून ओढलं, मी खालून ढकललं, आणि आम्हा दोघी बहिणींचं भांडण सगळ्या वसाहतीने ऐकलं. तेवढीच ओळख झाली. घर दोन खोल्यांचं आहे, पण भिंती कोरड्या आणि खिडकीला ऊन. खिडकीजवळची खाट मला हवी होती. मी कपाट भिंतीला लावत असताना धाकटीने तिच्यावर पसारा मांडला, म्हणजे ती खाट गेलीच. लहानपणापासून हेच चाललंय, मी मागायचं आणि हिने घ्यायचं. माझा निळा स्वेटरही सध्या तिच्याच अंगावर आहे. कोपरं ताणून ताणून त्याचं पार पोतेरं केलंय.

वसाहतीची व्यवस्था बघतात त्यांना सगळे मालकीणबाई म्हणतात. त्यांनी वसाहतीच्या वेबसाइटवर आमची नावं घातली, आधी माझं, मग धाकटीचं. तिने लगेच विचारलं की आपलं आधी का नाही. मी सांगितलं, मोठी मी आहे, मुकाट्याने दुसरी राहा.

समोरच्या घरात एक जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ. बाळाने भोकाड पसरलं की गच्चीपर्यंत ऐकू जातं. सामान लावायचं सोडून धाकटी तिकडे गेली आणि गाणं म्हणून त्याला झोपवून आली. सुराची आणि हिची ओळख नाही, तरी झोपलं. बाळाचे कान तपासायला हवेत.

उद्यापासून नवी नोकरी. मी खूश आहे. असं मी सहसा लिहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी, बुधवार

या ऑफिसात कुणी बसा म्हणत नाही. काल खुर्चीच नव्हती, आज मिळाली ती एका पायाने अधू. चहा आला तो माझ्या टेबलाला वळसा घालून पुढे गेला. आमच्या साहेबांना मी मनातल्या मनात मुकादम म्हणते. माणसाशी बोलताना ते स्क्रीनकडे बघतात आणि स्क्रीनवर खेकसावं तसं माणसावर खेकसतात. फक्त दुपारी बायकोचा फोन आला की या वाघाची मांजर होते. डबा संपवला का, म्हणून तिकडून विचारणा होते, आणि इकडे हे मान हलवत हो हो करतात. फोनवर मान हलवलेली कुणाला दिसते? मुकादम आमच्याच वसाहतीत राहतात. घर मूळचं बायकोचं, हे घरजावई, असं मालकीणबाईंनी न विचारता सांगितलं.

योगायोग असा की काम वसाहतीचंच आहे. जुनी वेबसाइट बंद होऊन नवी येणार. जुनीत प्रत्येक घराला एक पान, पानाला एक पत्ता, आणि पत्त्यातच त्या घरातल्या माणसांचे ओळखक्रमांक, ज्या क्रमाने नावं घातली त्या क्रमाने. आमच्या घराची ओळ अशी आहे:

घर/३१/व्यक्ती/५०२/व्यक्ती/५०३

५०२ मी, ५०३ धाकटी. अशा सगळ्या ओळींतून क्रमांक तेवढे उपसून नव्या साइटला द्यायचे. हाताने नाही, रेगेक्सने. रेगेक्स म्हणजे एक नमुना. आपण आकार सांगायचा, त्या आकाराचं जे दिसेल ते मशीन उचलतं. दिवसभर नमुने लिहिणाऱ्या बाईला काय म्हणतात हे धाकटीला घरी आल्याआल्या सुचलं. ती ते शेजारच्या बाळालाही सांगून आली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज वाजलं. माझ्या नमुन्यात एक टिंब आणि एक तारा आहे. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे ते कितीही वेळा. ही जोडी हावरी असते, हा शब्द माझा नाही, धंद्यातला आहे. ओळ दिसली की ती शेवटापर्यंत गिळते, आणि मग नमुना जुळण्यापुरतं, अगदी लागेल तेवढंच, परत देते. त्यामुळे एका ओळीत दोन क्रमांक असले तर शेवटचा हाती लागतो आणि आधीचा पोटात राहतो. ताऱ्यापुढे एक प्रश्नचिन्ह घातलं की हाच नमुना आळशी होतो. पहिला क्रमांक दिसला की तिथेच बसकण मारतो, पुढे बघतच नाही.

मी मुकादमांना म्हटलं की दोन्ही चूक, घरातले सगळे क्रमांक यायला हवेत. त्यांनी स्क्रीनला सांगितलं की नव्या साइटवर एका पत्त्याला एकच ओळख, दुसरीला जागाच केलेली नाही. केली का नाही, तर ज्याने करायची तो नोकरी सोडून गेला. जी ओळ नमुन्यात बसत नाही ती अख्खी वगळायची, बसते तिचा एक आकडा घ्यायचा, आणि ओळी तितके आकडे आले की काम झालं. माणसं मोजायला आपल्याला ठेवलेलं नाही. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले की नव्या माणसाने आधी खुर्चीचा पाय सांभाळावा. सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मरू दे. हावरा तर हावरा. यांना अक्कल नको असेल तर मी का उगाळत बसू? धाकटी म्हणाली की उद्या पुन्हा सांगून बघ. मी तिच्यावरच ओरडले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चालवला. लोण्यातून सुरी फिरावी तसा चालला. जितक्या ओळी तितके आकडे, एकही चूक नाही. जुनी साइट पुढच्या शुक्रवारी दुपारी पुसणार, तोवर हवं तर फिरवून घेता येईल. मुकादम बरं म्हणाले. त्यांच्याकडून हा सत्कारच.

दुपारी त्यांचा फोन वाजला नाही. त्यांनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ धरला आणि कशाला घेतला हे न कळल्यासारखा खाली ठेवला. मी गमतीने म्हटलं, घरून आज डब्याची चौकशी नाही वाटतं. त्यांनी विचारलं, कुणाची? वहिनींची, मी म्हटलं. त्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं आणि सांगितलं की आपलं लग्न झालेलं नाही, आणि असली थट्टा आपल्याला खपत नाही. ते थट्टा करत नव्हते. मग त्यांनी टेबलावरचा डबा दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, हा कुणाचा राहिलाय इथे.

डबा अजून गरम होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाळ सकाळपासून रडत होतं. शेवटी धाकटी गेली, मागून मी. दार उघडं होतं. पाळण्यात बाळ, बाकी घरात कुणी नाही. आईची पर्स नाही, बापाचे बूट नाहीत, खुंटीवर एक कपडा नाही. मी मालकीणबाईंना ओढत आणलं. त्या शांतपणे म्हणाल्या की ते एकटंच राहतं, पहिल्यापासून. दूध त्या दाराशी ठेवतात. तान्हं बाळ दारापर्यंत येणार कसं, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अचकटविचकट बोलले.

धाकटीने बाळाला उचललं, दूध पाजलं, गाणं म्हटलं. मग हळूच म्हणाली, बिचारं, याला कुणीच नाही ना. मी म्हटलं, अगं, परवा तू याच्या आईशी तासभर गप्पा मारल्यास. धाकटीला आठवत नाही. तिच्या डोळ्यांत मी पाहिलं. खरंच आठवत नाही.

घर क्रमांक तीसची ओळ मी उघडली. तीन क्रमांक. बाप, आई, आणि शेवटी बाळ, कारण ते शेवटी जन्मलं. माझ्या नमुन्याने शेवटचा घेतला. मुकादमांच्या ओळीत आधी बायको, मग घरजावई.

प्रश्नचिन्ह घातलं तर बाप परत येईल. आणि बाळ जाईल.

मी मुकादमांच्या घरी गेले, हातापाया पडले. त्यांनी विचारलं, आकडे जुळले ना? मग दार लावून घेतलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागलं नाही. रखवालदाराने हात आडवा घातला. काचेतून दिसलं, माझ्या अधू खुर्चीवर कुणाची तरी बॅग होती. मुकादम जाता जाता म्हणाले की ओळखपाळख नसलेल्या माणसांना इथे उभं करू नका.

घरी आले. धाकटीने चहा एकच कप केला होता. मी हाक मारली, तिने खिडकीकडे पाहिलं, वारा आला असेल म्हणून खिडकी लावली.

मग कळलं. इतका वेळ मी बाळाची ओळ बघितली, मुकादमांची बघितली, आमची बघितलीच नाही. एकतिसाव्या घरातून आलाय ५०३. म्हणजे ५०२ पोटात आहे. गिळणं घराघराने होत गेलं, तिसानंतर एकतीस. म्हणूनच मला बाळाची आई आठवते आणि बाकी कुणाला आठवत नाही. पोटातल्यांना पोटातले आठवतात. जिन्यात ती मला दिसलीसुद्धा, बाळाची आई. स्वतःच्याच दाराबाहेर उभी होती. आत शिरता येत नाही, म्हणाली. आवाज कागदासारखा पातळ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज धाकटीला मी दिसले. दिसले नसते तर बरं झालं असतं.

ती किंचाळली. कोण तू, घरात कशी शिरलीस, म्हणत झाडू उगारला. मी तिचं नाव घेतलं, लहानपणीचं लाडाचं नाव घेतलं, त्यावर ती आणखीच घाबरली. मालकीणबाई काठी घेऊन धावत आल्या. खालचे लोक आले. धाकटीने सगळ्यांना सांगितलं की ती एकटी राहते, तिला बहीणबिहीण नाही. माझा स्वेटर घालून सांगितलं! माझ्या स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत सांगितलं! आईबाबा गेल्यावर हिला मी वाढवली, हिच्या फीसाठी मी दोन दोन नोकऱ्या केल्या, आणि ही म्हणते कोण तू. झाडूचा एक फटका बसला. मनगट सुजलंय.

माझा लॅपटॉप तेवढा हाती लागला. आता गच्चीत बसलेय. मशीनला चेहरा लागत नाही, पासवर्ड पुरतो.

फक्त आमच्या ओळीपुरतं. एक प्रश्नचिन्ह.

काय होईल ते मला माहीत आहे. माहीत आहे. पण तिनेही एकदा बघावंच, दाराबाहेर उभं राहिलं की कसं —

घातलं. चालवलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज फार बरं वाटलं. कार्ड लागलं, रखवालदाराने नमस्कार केला, मुकादमांनी चक्क नवी खुर्ची दिली. घर शांत आहे. एकटं राहण्यासारखं सुख नाही. खिडकीजवळच्या खाटेवर लोळत हे लिहितेय.

एकच कटकट झाली. सकाळी एक मुलगी दार बडवायला लागली. रडून डोळे सुजलेले, सारखं ताई, ताई. आणि अंगात हुबेहूब माझ्यासारखा निळा स्वेटर. बघते तर काय, माझाच! उजव्या बाहीवर मी घातलेला रफू मला कळत नाही होय? चोर ती चोर, वर नातं लावते. मी स्वेटर तिच्या अंगातून ओढून काढला. ती माझ्या हाताला लोंबकळत होती, मग मालकीणबाईंनी काठीने तिला फाटकापर्यंत पिटाळलं. जाताना ती वळून वळून बघत होती. निर्लज्ज.

स्वेटरची कोपरं ताणून ठेवलीयेत, पोतेरं नुसतं. न्हाणीघरात दुसरा ब्रश कुणाचा कोण जाणे, टाकून दिला. मनगट का दुखतंय कळत नाही.

समोरचं बाळ दिवसभर रडतंय. खिडकी लावून घेतली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या दुपारी जुनी साइट पुसायची, म्हणून मुकादमांनी एकदा नजर टाकायला सांगितलं. एका ओळीला वेगळा नमुना लावलेला सापडला. सगळे हावरे, हा एकच आळशी. कुणाचा आगाऊपणा म्हणून बघितलं तर घर एकतीस. माझंच.

ओळीत दोन क्रमांक आहेत. ५०२ मी. मी एकटी राहते. मग ५०३ कोण?

प्रश्नचिन्ह मी घातलंय, मंगळवारी, माझ्याच पासवर्डने. मंगळवारी मी काय केलं होतं ते बघायला ही वही उघडली —

धाकटी.

धाकटी धाकटी धाकटी. लिहून ठेवते म्हणजे हातातून जाणार नाही. वाचते तेव्हा असते, वही मिटली की जाते. चेहरा आठवत नाही. लाडाचं नाव काय होतं? लाडाचं नाव घेतलं असं लिहिलंय, कुठलं ते लिहिलेलं नाही. वहीत नाव कशाला लिहायचं, असं तेव्हा वाटलं असेल. घरचीच तर होती.

काल जिला — जिच्या अंगातून —

फाटकाशी गेले. रस्त्यावर, बसथांब्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर. थंडी आहे, आणि स्वेटर माझ्या हातात. कुणालाच कुठली मुलगी दिसलेली नाही. तिचा थांगपत्ता नाही. हे शब्द लिहिताना हात थांबला. पत्त्यातूनच तर काढली मी तिला.

बाळ आता रडतही नाही. नुसतं कण्हतंय. दाराशी बाटल्यांची रांग. मी एक पाजली, अर्धी सांडली. माझ्याकडे बघून ते मान फिरवतं, त्याला दुसरा कुणाचा तरी आवाज हवाय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून —

दोन्ही क्रमांक जोडून एकच करून पाहिला. अशी व्यक्ती नाही, म्हणतं. धाकटीला वेगळं घर द्यायला गेले, नवी नोंद बंद. नमुनाच काढून टाकला तर ओळ वगळली जाईल, दोघीही जाऊ. मुकादमांना सांगितलं. ते मोबाइल हातात धरून बसले होते. काळा स्क्रीन. त्यांनी विचारलं, दुपारी मला काहीतरी वाटतं, ते काय असतं? मी सांगितलं. बायको होती तुमची, डब्याचं विचारायची. त्यांनी मला बाहेर काढलं. सगळ्यांसमोर, दंडाला धरून.

पहिली किंवा शेवटची. तिसरं काही नाही. पहिली मी.

भीती वाटते. खूप वाटते. मला राहायचं आहे, हेही लिहून ठेवते. उगाच थोरपणा नको.

पण बाळ तिचं ऐकतं. आणि स्वेटर मी ओरबाडून घेतला.

प्रश्नचिन्ह काढलं.

दुपार

जिन्यात बसलेय. खालच्या पायरीवर मुकादमांच्या बायको. नंबर फिरवतात, ठेवतात, फिरवतात. बाळाची आई सोमवारी इथे होती — आज नाही. तिच्या जागी भिंत दिसते.

पावलं. ती आली! ती आली. केस विस्कटलेले, पाय मातीने भरलेले, आपण कुठे होतो हे तिला ठाऊक नाही. माझ्यावरून गेली. स्वेटर मी कडीला अडकवला होता. घेतला. घातला. उजवी बाही लांब खाली ओढली, नेहमीसारखी. ओढ बाई, हवी तितकी ओढ —

सरळ समोरच्या घरात गेली.

साइट पुसली असणार आता. बोटं पेन धरतात, पेनाला कळत नाही. मुकादमांच्या बायको पायरीवर नाहीत. मोबाइल आहे. नाही, तोही —

बाळ गप्प झालं. ती गातेय. बेसूर, अगदी तसंच बेसूर. दुसरं कडवं पहिल्याच्या चालीत म्हणतेय, दर वेळी म्हणते, कुणीतरी आतून ओरडायला हवं, अगं तसं नाही —

धाकटे. दार उघडं आहे. वही उंबऱ्यावर सरकवते. वाचशील का? घरात आधी एक नाव होतं, तुझ्याआधी, मोठी मी, मोठी — तुला कुणी सांगणार नाही, म्हणून इथे, एकदाच, नीट, तुला माझी ओळ